दुभंगलेली टाळू आणि मुलांची वाणी

(कोल्हापूर येथे प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका, आरोग्य कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या मराठी घरांत मूल बोलू लागते, तेव्हा त्याच्या तोंडी येणारे पहिले शब्द बहुधा नात्याचे असतात. आई, बाबा, दादा, मामा, काका, नाना. एखाद्या घरात मात्र असे घडते की, मूल दोन वर्षांचे झाले तरी बापालाही ‘मामा’ म्हणते आणि थोरल्या भावाला ‘नाना’ म्हणते. घरची माणसे प्रथम हसतात. खरा मामा घरी आला की थट्टेला अधिकच रंग चढतो. पण आणखी एक वर्ष उलटते, मूल पुष्कळ बोलू लागते, आणि ते सगळेच बोलणे नाकातून येते. मग हसणे थांबते. पुढे ते मूल शाळेत जाते, आणि तेथे हसण्याला पुन्हा प्रारंभ होतो. ह्या वेळी हसणारे घरचे नसतात.

‘बाबा’चा ‘मामा’ का होतो, एवढे नीट समजले तर आजच्या विषयाचा निम्मा भाग समजला असे मी म्हणेन. आपण स्वतःच दोन्ही शब्द उच्चारून पाहावे. ‘ब’ म्हणताना ओठ मिटतात, ‘म’ म्हणतानाही मिटतात. जीभ दोन्ही वेळी स्वस्थ असते. कंठातून निघणारा नादही दोहोंना समान आहे. फरक एकच. तोंडाच्या छताचा मागील भाग मऊ असतो, त्याच्या टोकाला पडजीभ लोंबते. ‘ब’ म्हणताना हा मऊ पडदा वर उचलला जाऊन घशाच्या मागील भिंतीला टेकतो आणि नाकाकडे जाणारी वाट बंद करतो. हवा तोंडात कोंडली जाते, ओठ उघडताच सुटते आणि ‘ब’ उमटतो. ‘म’ म्हणताना हाच पडदा खाली राहतो आणि नाद नाकावाटे बाहेर पडतो. म्हणजे ही एका दाराची गोष्ट आहे. ज्या मुलाच्या टाळूला जन्मतः फट आहे, किंवा ज्याची टाळू शिवली गेली तरी आखूड राहिली, त्याचे दार मिटतच नाही. ते ‘ब’ म्हणावयास जाते आणि ‘म’ होऊन बसतो.

आपल्या पूर्वजांना हे दार ठाऊक होते. अनुनासिक वर्णाची व्याख्या करताना पाणिनीने मुख आणि नासिका ह्या दोहोंचा एकत्र उल्लेख केलेला आहे. आपल्या वर्गाच्या भिंतीवर जो वर्णमालेचा तक्ता टांगलेला असतो, त्याची मांडणीच ह्या ज्ञानावर उभी आहे. क ख ग घ आणि पाचवा ङ. त थ द ध आणि पाचवा न. प फ ब भ आणि पाचवा म. पाचव्या स्तंभात दार उघडे, पहिल्या चार स्तंभांत दार बंद. टाळू दुभंगलेल्या मुलाकडून हा तक्ता म्हणून घ्या. पाचवा स्तंभ स्वच्छ येईल. पहिले चार दुबळे येतील, नाकातून फुसफुसत येतील किंवा पाचव्यासारखे ऐकू येतील. य, र, ल, व ह्यांना हवेचा दाब फारसा लागत नाही, म्हणून ते बऱ्यापैकी निभावतात. श, ष, स ह्यांना दाब टिकवून धरावा लागतो, तेथे सर्वांत अधिक ओढाताण होते. इतकी शास्त्रशुद्ध तपासणीची पाटी आपल्या प्रत्येक शाळेत लटकत असता आपण तिचा उपयोग केवळ अक्षरओळखीसाठी करतो, ही मला नेहमीच थोडी गमतीची गोष्ट वाटत आली आहे.

मराठीत सदोष बोलणाऱ्यांसाठी निरनिराळे शब्द आहेत. मुका, बोबडा, तोतरा, गेंगाणा. भाषेने हे भेद केले आहेत, पण आपण ते पाळत नाही. गेंगाण्या मुलाला ‘बोबडं बोलतंय, मोठं झाल्यावर सुधारंल’ असे म्हणून सोडून देतो. बोबडेपणा वयाबरोबर पुष्कळदा जातो हे खरे. गेंगाणेपणा जात नाही, कारण दाराची फट वय वाढल्याने बुजत नाही. कोणी जीभ चिकटली आहे म्हणतो, कोणी वेखंड उगाळून चाटवितो. जिभेचा आणि ह्या दोषाचा संबंध नाही.

ओठ किंवा टाळू दुभंगून जन्मणारी मुले साधारणतः सातशे ते हजार जन्मांमागे एक ह्या प्रमाणात आढळतात. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे भाग मधोमध येऊन सांधले जातात. ते सांधणे अपुरे राहिले की ही फट उरते. त्यामागे काही आनुवंशिक आणि काही बाह्य कारणे असतात, आणि एखाद्या विशिष्ट मुलाच्या बाबतीत नेमके कारण सांगता येईलच असे नाही. गर्भवतीने ग्रहणात विळीने भाजी चिरली म्हणून असे मूल जन्मले, ही समजूत मात्र सपशेल खोटी आहे. तिच्यापायी कित्येक बायकांना आयुष्यभर बोलणी खावी लागली आहेत, हे पंचायतीच्या सदस्यांनी, विशेषतः भगिनींनी, गावात स्पष्ट सांगितले पाहिजे.

उपचारांच्या बाबतीत महाराष्ट्राचे स्थान लहान नाही. देशातील प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन ह्यांनी सुरू केला, आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूचे त्यांनी १९७५ साली मांडलेले वर्गीकरण ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणूनही ओळखले जाते. त्यात केवळ ओठ, केवळ टाळू आणि दोन्ही, असे तीन मुख्य गट आहेत. पंढरपूर येथे जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत राहून दरवर्षी स्वदेशी येत आणि शिबिरे भरवून ओठ, पापण्या, तिरळेपणा, चेहऱ्यावरील व्रण ह्यांच्या हजारो शस्त्रक्रिया विनामूल्य करीत. अपघाताने त्यांना अपंगत्व आले आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाने त्यांचा स्वतःचा आवाजही गेला. तरी २०११ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे नाव ह्या कार्याशी जोडलेले राहिले. २००१ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. पुढे ‘स्माइल ट्रेन’सारख्या संस्थांच्या साहाय्याने अनेक रुग्णालयांत ओठ व टाळू ह्या दोहोंची शस्त्रक्रिया विनामूल्य होऊ लागली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यात ज्या जन्मजात दोषांसाठी मुलांची तपासणी करावयाची, त्यांत दुभंगलेले ओठ व टाळू ह्यांचा समावेश आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी पथकाने यावे, अशी ती योजना आहे.

तेव्हा शस्त्रक्रियेची सोय नाही, अशी आज स्थिती नाही. पण लोकांच्या डोळ्यांसमोर असतो तो ओठ. छायाचित्रे ओठाचीच निघतात. ज्या ‘स्माइल पिंकी’ अनुबोधपटाला २००९ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले, त्याच्या नावातही हास्यच आहे. ओठ शिवला की मूल सुंदर दिसू लागते आणि घरच्यांना वाटते की, काम झाले. टाळू तोंडाच्या आत असते. ती कोणाला दिसत नाही. वास्तविक जेवण नाकात येणे, कान वाहणे आणि वाणी बिघडणे हे सारे त्या न दिसणाऱ्या फटीचे काम असते. टाळूची शस्त्रक्रिया साधारणतः मूल नऊ महिन्यांपासून दीड वर्षांपर्यंतचे असताना, म्हणजे बोलणे रुळण्यापूर्वी, व्हावी असे तज्ज्ञ सांगतात. ती व्यवस्थित होऊनही चार-पाच मुलांमागे एखाद्याचे दार पुरते मिटत नाही. उशीर झाला तर बोलण्याच्या चुकीच्या सवयी घट्ट होतात.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येते. टाळू शिवलेले मूल पाच वर्षांचे झाले आणि अजून नीट बोलत नाही, तर त्यापुढे दोन वाटा असतात. एक वाट पुन्हा शस्त्रक्रियेची, दुसरी वाचोपचाराची, म्हणजे उच्चार शिकविण्याची. कोणत्या मुलाला कोणत्या वाटेने न्यावयाचे, हे परीक्षणाने ठरते. परीक्षण चुकले तर मुलाची वर्षे वाया जातात. दार मिटतच नसेल तर कितीही शिकविले तरी ‘ब’ येणार नाही. दार मिटत असूनही सवय चुकीची असेल तर दुसऱ्यांदा कापाकापी करून काही साधणार नाही.

मी स्वतः ह्या परीक्षणात कशी चुकले, ते सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगराळ तालुक्यातील एका शाळेच्या गुरुजींनी सात वर्षांचा एक मुलगा आणला. गेंगाणा बोलत होता, पण ओठ अखंड, चेहऱ्यावर व्रण नाही, टाळूला भोक नाही. वर्गात त्याला मंदबुद्धी ठरवून मागे बसविले होते. मी तोंडात बॅटरीचा प्रकाश टाकला, टाळू अखंड दिसली, आणि सवयीचा दोष समजून मी आठ महिने त्याच्याकडून व्यायाम करून घेतले. फुगे फुगविणे, मेणबत्ती विझविणे, शिट्टी वाजविणे. त्या काळी असे व्यायाम सर्रास देत. मुलगा दर पंधरवड्याला एस. टी.ने येई. सुधारणा शून्य. एके दिवशी ते गुरुजी म्हणाले, “बाई, एक विचारू का? ह्यो पोरगा फुगा फुगवताना नाक दाबतोय. न्हाई दाबलं तर फुगा फुगत न्हाई.”

मी पुन्हा बॅटरी घेतली. ह्या वेळी नीट पाहिले. पडजिभेचे टोक दुभागलेले होते. टाळूच्या मध्यभागी एक निळसर, पातळ रेघ होती. बोटाने चाचपता कठीण टाळूच्या मागील कडेला खाच लागली. वरची त्वचा अखंड, आतील स्नायू मात्र दुभंगलेले. अशी झाकलेली फट असते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. तिच्या ह्या तीन खुणा मला पाठ होत्या. पण व्रण नसलेला चेहरा पाहून मी त्या शोधल्याच नाहीत. त्या गुरुजींनी वैद्यकाचे एक पानही वाचले नव्हते. त्यांनी मुलाकडे पाहिले होते. पुढे मुलावर शस्त्रक्रिया झाली. तिच्यानंतर दार मिटू लागले, तरी काही महिने उच्चार शिकवावे लागले, कारण सात वर्षांच्या सवयी एका दिवसात जात नाहीत. अशा मुलाचा घसा वारंवार सुजतो म्हणून कोणी नाकामागील ॲडेनॉइडच्या गाठी काढण्याचा सल्ला दिला, तर आधी टाळू दाखविणे अत्यावश्यक आहे. पुष्कळदा त्या गाठीच मुलाचे अर्धवट दार मिटविण्यास हातभार लावीत असतात. त्या निघाल्या की गेंगाणेपणा उफाळून येतो.

परीक्षण कसे करतात, हे आता थोडे विस्ताराने सांगते. आपण सर्वांनी वाचोपचारतज्ज्ञ व्हावे अशी माझी अपेक्षा नाही. पण पहिला कान आपलाच असतो.

प्रारंभ मुलाच्या कानापासून करावा. टाळूचे काही स्नायू कानाकडे जाणारी नळी उघडतात. टाळू दुभंगली की ती नळी नीट उघडत नाही आणि मधल्या कानात द्रव साचतो. टाळू दुभंगलेल्या बहुतेक सर्व तान्ह्या मुलांत हे आढळते. ज्याला मंद ऐकू येते ते मूल मंद उत्तर देते. श्रवणचाचणी झाल्यावाचून अशा मुलाच्या बुद्धीविषयी किंवा वाणीविषयी मत देऊ नये.

नंतर आईला विचारावे. दूध नाकातून येत होते का? अंगावर ओढता येत नव्हते म्हणून बोंडल्याने की वाटी-चमच्याने पाजले? शस्त्रक्रिया कोणत्या महिन्यात झाली? मुलाचे बोलणे घरात किती कळते, शेजारी किती कळते, परक्याला किती कळते? हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. आईला सारे कळते. ती मुलाची दुभाषी होऊन बसलेली असते आणि आपण काही विचारले की तीच उत्तर देते. तिला नम्रपणे थांबवावे लागते.

आणि मग मुलाला बोलते करावे. येथे आपण सर्वजण एक चूक करतो. शाळेत पाहुणा आला, साहेब आले, की मुलाला पहिला प्रश्न ठरलेला, “तुझं नाव काय?” मूल म्हणते, “माझं नाव...” आता हे दोन शब्द पाहा. ‘माझं’मधला म आणि ‘नाव’मधला न, दोन्ही नाकातलेच. मुलाचे आडनाव ‘माने’ असेल, तर साहेब ‘छान!’ म्हणून पुढे जातात. ‘पाटील’ असेल, तर कदाचित दोष पकडला जाईल. दोष ऐकावयाचा तर ज्यात पाचव्या स्तंभाचे एकही अक्षर नाही असे वाक्य हवे. “काकू, काकडी काप.” “पोपटाला पिकला पेरू दे.” “भाऊ, भाकरी भाज.” “दादा, दही दे.” “सशाला ससा दिसला.” अशी वाक्ये मुलाकडून एकेक म्हणून घ्यावी. ‘दादा, दही दे’चे ‘नाना, नही ने’ झाले, तर निराळे सांगावयास नको.

थोडे मोठे मूल असेल तर साठीचे अंक म्हणून घ्यावेत. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. ह्यांत एकही अनुनासिक नाही; स, ष, ट ह्यांची मात्र रेलचेल आहे. एकोणसत्तरला ‘ण’ येतो, तेथे थांबावे. उलट नव्वदीचे अंक ण-नकारांनी भरलेले आहेत. एक्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव. साठीत बिघडणारे मूल गेंगाणे, नव्वदीत बिघडणारे मूल नाक चोंदलेले. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ दोन, साठ तीन’ अशा पर्यायी वाचनावरून मोठा वाद झाला होता. गणिताच्या दृष्टीने काय सोईचे ते शिक्षकांनी ठरवावे. आमच्या कामाला जुने बासष्ट-त्रेसष्टच बरे, कारण ‘दोन’ आणि ‘तीन’ ह्यांत नकार आहेत.

नाक चोंदल्याचा उल्लेख आला म्हणून सांगते. सर्दी झालेला माणूस आणि टाळू दुभंगलेले मूल ह्या दोघांनाही आपण ‘नाकात बोलतो’ असेच म्हणतो, परंतु दोघांचे दोष एकमेकांच्या उलट आहेत. एकाचे दार नको तेव्हा उघडे, दुसऱ्याची वाट हवी तेव्हा बंद. सर्दी झालेला ‘मामा’ला ‘बाबा’ म्हणतो. हे ओळखण्यास एक सोपी युक्ती आहे. मुलाला ‘ई’ लांबवून म्हणावयास सांगावे आणि मध्येच त्याच्या नाकपुड्या हळूच दाबाव्या. आवाज बदलला तर नाद नाकातून जात होता. अनुनासिकाविरहित वाक्यही एकदा नाक मोकळे ठेवून आणि एकदा दाबून म्हणून घ्यावे. त्यानंतर “माझ्या मामीने नानीला मणी मोजून दिले” हे वाक्य तसेच दोनदा म्हणून घ्यावे. नाक दाबूनही त्यात काहीच फरक पडला नाही, तर नाक आधीच बंद आहे. काही मुलांत दोन्ही दोष एकत्र असतात, त्यांना तज्ज्ञाकडेच पाठवावे. नाकाखाली थंड आरसा धरण्याचीही पद्धत आहे. ‘पापापा’ म्हणताना आरशावर बाष्प धरले तर हवा गळते आहे. पण आरसा मुलाने बोलणे सुरू केल्यानंतर धरावा आणि ते थांबण्यापूर्वी काढून घ्यावा. एरवी साध्या श्वासानेही तो धुरकटतो आणि निष्कारण घबराट होते.

ऐकताना नाद, हवा आणि उच्चार ह्या तीन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्या लागतात. नाद नाकात घुमतो तो एक दोष. व्यंजनाबरोबर हवा नाकातून सूं सूं निसटते तो दुसरा. अशी मुले बोलताना नाकपुड्या आक्रसून ती हवा अडवू पाहतात, हे कोणाच्याही डोळ्यांना दिसते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. तोंडात हवा कोंडता येत नाही असे अनुभवाला आल्यावर मूल ती दाराच्या अलीकडे, घशातच, अडवू लागते. ‘काका’ म्हणताना क न येता स्वरयंत्रात उचकीसारखा झटका बसतो आणि नुसता ‘आ-आ’ ऐकू येतो. ही मुलाची चतुराई आहे, पण चुकीच्या जागी गेलेली. पुढे शस्त्रक्रियेने दार मिटले तरी झटका राहतो, कारण ती शिकलेली गोष्ट आहे. ती शिकवूनच घालवावी लागते. पहिल्या दोन दोषांचे मूळ बहुधा रचनेत असते, तिसऱ्याचे सवयीत. तरी एका अक्षरापुरतीच हवा नाकातून सुटत असेल, उदाहरणार्थ ‘स’ला सुटते आणि ‘प’ला मुळीच नाही, तर तेथेही सवयीचाच संशय घ्यावा.

कोणता दोष किती, हे अंकांत मांडावे लागते. २००८ साली निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन नोंदीची एक समान पद्धत सुचविली. तिच्यात गेंगाणेपणाला शून्य ते तीन असे अंक दिले जातात. एकट्याने ऐकून अंक देऊ नये. ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या जाणकाराने, शक्यतो मुलाचा चेहरा न पाहता, ऐकावे. ओठावरचा व्रण पाहिला की कानाला दोष अधिक मोठा वाटतो. माझ्या त्या मुलाच्या बाबतीत उलटे घडले. त्यापुढची साधने मोठ्या रुग्णालयांत असतात. नाक आणि तोंड ह्यांतून निघणाऱ्या नादाचे प्रमाण मोजणारे यंत्र, नाकातून बारीक दुर्बीण घालून दार कसे हालते ते पाहणे, बोलत असताना घेतलेले क्षकिरणांचे चलच्चित्र. यंत्राचे आकडे भाषेगणिक बदलतात, म्हणून इंग्रजी वाक्यांवरून ठरविलेले प्रमाण मराठी मुलाला जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. आणि दुर्बिणीने दिसणारे चित्रही मूल आपल्या भाषेत नीट बोलेल तरच उपयोगी पडते. चार-पाच वर्षांच्या आत मुले ह्या तपासण्यांना सहसा दाद देत नाहीत.

भाषेवरून आपल्या जिल्ह्याची गोष्ट निघते. कोल्हापूर जिल्ह्यात एक मराठी नाही. खेड्यातील मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणेल. तो वाणीचा दोष नव्हे, ती त्याच्या घरची बोली आहे. शिरोळ किंवा गडहिंग्लज भागात ज्याच्या घरी कानडी बोलतात, त्या मुलाचे महाप्राण हलके पडतील. चंदगडच्या बोलीला कोकणीचा स्पर्श आहे, तेथील स्वरांतला अनुनासिकपणा परक्या कानाला गेंगाणा वाटू शकतो. त्या तालुक्याला बेळगाव जवळचे, म्हणून मूल तिकडे गेले तर तेथील तज्ज्ञाला कदाचित ही बोली ठाऊक असेल, पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाला असेलच असे नाही. म्हणून मुलासोबत गावातल्या एखाद्या निर्दोष बोलणाऱ्या समवयस्काकडूनही तीच वाक्ये म्हणून घेऊन ध्वनिमुद्रण पाठवावे. तुलना त्याच्याशी करावी, पाठ्यपुस्तकाशी नव्हे.

ध्वनिमुद्रणाला आता काही खर्च नाही. प्रत्येक शिक्षकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. पालकांची संमती घेऊन, खिडक्या लावून, फोन मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून, ठरलेली दहा वाक्ये दर सहा महिन्यांनी मुद्रित करावी आणि तारीख लिहून ठेवावी. ऊसतोडणीसाठी बीडकडून येणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत तर ह्याला पर्याय नाही. ती मुले गाळप हंगामात आपल्या कारखान्यांच्या कोप्यांवर असतात, हंगाम संपला की परत जातात. तपासणी एका जिल्ह्यात आणि शस्त्रक्रियेची तारीख दुसऱ्या जिल्ह्यात, असे होऊन मधल्या मध्ये मूल हरवते. शस्त्रक्रियेचा कागद, कानाच्या तपासणीचा कागद आणि ध्वनिमुद्रण ही आईच्या हाती दिली पाहिजेत. आपल्या कपाटात ठेवून काही उपयोग नाही.

फुगे आणि मेणबत्त्या ह्यांचे व्यायाम मात्र आता सोडून द्यावेत. फुंकताना आणि बोलताना दार निरनिराळ्या रीतीने हालते. फुंकण्याच्या सरावाने बोलणे सुधारत नाही, असेच अभ्यासांतून दिसून आलेले आहे. मुलाला वर्गासमोर उभे करून “पुन्हा म्हण, नीट म्हण” हा उपायही उपाय नव्हे. ज्याचे दार मिटत नाही त्याला ‘नीट म्हण’ म्हणणे हे लंगड्याला ‘नीट चाल’ म्हणण्यासारखे आहे. तोंडी परीक्षेत त्याला लिहून उत्तर देण्याची मुभा द्यावी. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने वाणी व भाषा ह्यांच्या कायम स्वरूपाच्या दिव्यांगत्वालाही मान्यता दिलेली आहे, हे मुख्याध्यापकांनी ध्यानात ठेवावे.

पंचायत सदस्यांकडून एकच अपेक्षा आहे. तपासणी पथक गावात येते त्या दिवशी ही मुले बहुधा घरी ठेवली जातात, कारण आईबापांना लाज वाटते. पथकाच्या आदल्या दिवशी सदस्याने स्वतः त्या घरी जावे. पथकातील डॉक्टरांनाही सांगावे की ओठ पाहून थांबू नका, बॅटरी घेऊन पडजीभ पाहा आणि साठीचे अंक म्हणून घ्या.

दारापाशी टेबलावर मी वाक्यांचा कागद ठेवला आहे. जाताना एकेक प्रत घ्यावी. चंदगड, आजरा, गडहिंग्लज आणि शिरोळ येथील शिक्षकांना माझी विनंती आहे की, त्यांतील कोणते शब्द आपल्याकडची चार वर्षांची मुले बोलतच नाहीत, ते त्याच कागदावर खुणा करून माझ्याकडे परत द्यावे. ‘पेरू’ला आपल्या भागात दुसरे नाव असेल तर तेही लिहावे, त्यात न किंवा म येत असेल, तर मला ते वाक्य बदलावे लागेल.